मराठी वाक्याचा सांगाडा कसा मांडावा? फ्रेज स्ट्रक्चर, डिपेन्डन्सी की कारकं?

वेलांटी
नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून मराठी वाक्यांचा एक छोटा ट्रीबँक तयार करतोय. प्रत्येक वाक्याची रचना हाताने मांडायची, म्हणजे पुढे त्यावर पार्सर (वाक्याची रचना आपोआप ओळखणारा प्रोग्राम) शिकवता येईल आणि भाषेच्या अभ्यासालाही उपयोग होईल. पण रचना मांडायची कुठल्या पद्धतीने, यावरच गाडी अडली आहे.

एक गट म्हणतो, फ्रेज स्ट्रक्चर घ्या. वाक्याचे नामपदबंध आणि क्रियापदबंध असे तुकडे, त्यांचे पुन्हा तुकडे, शेवटी शब्द. चॉम्स्कीने १९५७ मध्ये ही पद्धत नियमांच्या भाषेत बसवली आणि तिच्यामागे भरपूर गणित उभं आहे. दुसरा गट डिपेन्डन्सीचा. तेनिएर या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये आला, तिथून ही आधुनिक परंपरा सुरू होते. इथे तुकडे नाहीतच. शब्द थेट शब्दाला जोडलेला, आणि सगळ्यांच्या मुळाशी क्रियापद.

मी दुसऱ्या गटात आहे. 'रामाने सीतेला पत्र दिलं' या वाक्यात चार पदं आहेत, त्यांचे चोवीस क्रम होतात. योग्य जागी जोर दिला तर बहुतेक सगळे बोलता येतात. फ्रेज स्ट्रक्चरमध्ये त्यासाठी नियमांची रांग लावा, नाहीतर पदं इकडून तिकडे हलवा. डिपेन्डन्सीत क्रम कितीही बदलला तरी बाण तेच राहतात.

पण हे वाक्य बघा: 'त्याचं मला पत्र आलं.' 'त्याचं' जोडलंय 'पत्र'ला, 'मला' जोडलंय 'आलं'ला, आणि दोन्ही बाण एकमेकांना छेदतात. अशी वाक्यं आपण सर्रास बोलतो. तुम्ही कोणतं प्रारूप घ्याल? मत देताना सोबत एखादं वाक्य द्या, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

टिंब
विषय जड आहे, पण वाचतोय. वाचनखूण साठवली.

निरंक
मी संगणकाच्या बाजूने येतो. छेदणाऱ्या बाणांना घाबरू नका. बाण छेदत नाहीत असं गृहीत धरणारे पार्सर वेगळे (आयस्नरची १९९६ची पद्धत शब्दसंख्येच्या घनात चालते) आणि छेद चालवून घेणारे वेगळे. २००५ मध्ये मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी पार्सिंगला आलेखातला सर्वात वजनदार वृक्ष शोधण्याचं रूप दिलं. त्यात छेद झाला काय, न झाला काय, फरक पडत नाही. उलट वेळ कमी लागतो, शब्दसंख्येच्या वर्गात काम होतं.

'त्याचं मला पत्र आलं' हे वाक्य फ्रेज स्ट्रक्चरला जास्त जड जातं. 'त्याचं पत्र' हा एक तुकडा आणि त्याच्या पोटात परकं 'मला'. साध्या संदर्भमुक्त व्याकरणात (म्हणजे जिथे नियम आजूबाजूला काय आहे ते न बघता एका तुकड्याचे पुढचे तुकडे पाडतो) तुकडा सलग असावा लागतो.

अर्धविराम
निरंक, इथे थोडं जपून. काही वाक्यांत बाण छेदले म्हणून मराठी संदर्भमुक्त व्याकरणाच्या बाहेर गेली असं ठरत नाही. संदर्भमुक्त व्याकरण अमुक वाक्यं निर्माण करू शकतं का, हा एक प्रश्न. त्या वाक्यांना आपल्याला पटेल अशी रचना देऊ शकतं का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे असं दाखवायला कितीही लांबवता येईल असा आकृतिबंध लागतो. शीबरने १९८५ मध्ये स्विस जर्मनमध्ये तो दाखवला. तिथे गौण वाक्यात आधी सगळी नामं रांगेने येतात, मग त्याच क्रमाने क्रियापदं येतात, आणि प्रत्येक क्रियापद आपापल्या नामाची विभक्ती ठरवतं. पहिलं पहिल्याशी, दुसरं दुसऱ्याशी. ही जोडणी संदर्भमुक्त नियमांना जमत नाही.

मराठीत नेमकी उलटी घडण दिसते:

'रमाला उमेशने सुधाने लिहिलेलं पत्र फाडल्याचं कळलं.'

रमाला–कळलं ही बाहेरची जोडी, उमेशने–फाडल्याचं मधली, सुधाने–लिहिलेलं आतली. कंसात कंस. संदर्भमुक्त व्याकरण यासाठीच बनलेलं आहे. मर्यादित अवस्थांच्या यंत्राला (ज्याची स्मृती ठरावीकच असते) हे पेलत नाही, आणि चॉम्स्कीने १९५६–५७ मध्ये मांडलेला मूळ मुद्दा हाच होता.

मोकळीक
पण असं बोलतं कोण? 'उमेशने सुधाने' वाचूनच धाप लागली. मी तर म्हणेन, 'सुधाने लिहिलेलं पत्र उमेशने फाडल्याचं रमाला कळलं.'

अर्धविराम
मोकळीक, तुमचं वाक्य माझ्यापेक्षा जास्त शिकवून जातं. त्यात सुधाने–लिहिलेलं शेजारी, उमेशने–फाडल्याचं शेजारी, रमाला–कळलं शेजारी. एकही जोडी लोंबकळत ठेवावी लागत नाही. बोलणारा पदक्रम मोकळेपणाने वापरून कंस उलगडतो. म्हणजे क्रमाची मोकळीक नुसती जोर देण्यापुरती नाही, स्मरणावरचा भार हलका करायलाही ती कामाला येते. तरी माझं वाक्य व्याकरणबाह्य नाही. दमवणारं वाक्य आणि चुकीचं वाक्य यांत फरक करावाच लागतो, नाहीतर कुठलंच प्रारूप तपासता येणार नाही.

सामान्यरूप
बरीच वर्षं व्याकरण शिकवलं आहे, म्हणून चार शब्द.

शाळेत वाक्यपृथक्करण करताना आपण उद्देश्य आणि विधेय असे दोन भाग पाडतो. तुमच्या पहिल्या गटाचा पहिला नियम तोच आहे. ही पद्धत आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने आली. आपल्या परंपरेत वाक्याचा मुख्य घटक कोणता, यावर जुना वाद आहे आणि तो फार मोलाचा आहे. वैयाकरण म्हणतात क्रिया मुख्य, बाकी सगळं तिचं विशेषण. निरुक्तकार यास्काचं वचनच आहे, 'भावप्रधानमाख्यातम्', म्हणजे क्रियापदात क्रिया प्रधान. नैयायिक म्हणतात प्रथमान्त नाम मुख्य. मीमांसक म्हणतात भावना, म्हणजे क्रिया घडवण्याचा व्यापार, मुख्य. तेनिएरने उद्देश्य-विधेय हा भेद बाजूला ठेवून क्रियापदाला मध्यभागी बसवलं, तेव्हा तो नकळत वैयाकरणांच्या पंगतीला आला.

आता माझं वाक्य. 'तू चिठ्ठी लिहिलीस.' 'तू निबंध लिहिलास.' 'तू पत्र लिहिलंस.' लिहिली, लिहिला, लिहिलं हे कर्माप्रमाणे बदललं. शेवटचा 'स' कर्त्याचा. एकच क्रियापद दोघांशी जुळतं. मराठी व्याकरणात याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. तुमचं प्रारूप हे कुठे नोंदवणार?

वेलांटी
सर, याच वाक्यावर आमचं घोडं पेंड खातंय. डिपेन्डन्सीत 'लिहिलीस'कडून 'तू'ला एक बाण, 'चिठ्ठी'ला एक बाण. एकावर कर्ता, दुसऱ्यावर कर्म. पण क्रियापदाचा कुठला तुकडा कोणामुळे आला, ते बाण सांगत नाहीत. शब्दाच्या रूपवैशिष्ट्यांत 'स्त्रीलिंगी, एकवचन, द्वितीय पुरुष' लिहिता येतं. पण वाचणाऱ्याला वाटेल की हे सगळं एकाच पदाचं आहे, म्हणजे चिठ्ठीच द्वितीय पुरुषी!

शब्दवेध
इथे पाणिनी आणल्याशिवाय राहवत नाही.

कारकं सहा: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. ही विभक्तींची नावं नव्हेत. क्रियेशी असलेल्या नात्यांची नावं आहेत. विभक्ती पुढच्या पायरीवर लागते, आणि तिथे 'अनभिहिते' (२.३.१) हे अधिकारसूत्र (पुढच्या सूत्रांना लागू होणारं सूत्र) आहे: जे कारक आधीच दुसऱ्या कशाने सांगून झालं आहे, उदाहरणार्थ क्रियापदाच्या प्रत्ययाने, ते विभक्तीने पुन्हा सांगायचं नाही. मग उरते प्रथमा.

'रामाने चिठ्ठी लिहिली' घ्या. 'लिहिली'तल्या ईकाराने कर्म सांगितलं, म्हणून चिठ्ठी प्रथमेत. कर्ता सांगितला गेला नाही, म्हणून 'ने'. आणि 'तू चिठ्ठी लिहिलीस'? 'स'ने कर्ताही सांगून टाकला, म्हणून 'तू'ला 'ने' नाही! संस्कृतसाठी लिहिलेलं सूत्र मराठीच्या संकर प्रयोगालाही चपखल लागतं.

दुपाखी
वा! हे आधी कधी असं पाहिलंच नव्हतं.

अर्धविराम
शब्दवेध, मांडणी देखणी आहे, पण 'मी चिठ्ठी लिहिली'चं काय? इथे क्रियापदात 'मी'चा मागमूस नाही. कर्ता अनभिहितच राहिला. तरी 'ने' नाही.

शब्दवेध
'मी'ची जुनी तृतीया 'म्यां'. 'म्यां लिहिलें' असं आपण जुन्या मराठीत वाचतो. 'तू'ची 'त्वां'. पुढे ही रूपं झिजून प्रथमेसारखी दिसायला लागली. म्हणजे 'मी' इथे तृतीयाच आहे, फक्त वेश प्रथमेचा. त्यामुळे सूत्राला धक्का लागत नाही.

अर्धविराम
मग 'तू'सुद्धा वेश बदललेली तृतीया असू शकतो. आणि तसा तो आहे, हे दाखवता येतं. हे बघा:

आम्ही सगळे आलो.
आम्ही सगळ्यांनी चिठ्ठी लिहिली.
तुम्ही दोघांनी मला फसवलंत.

'आम्ही' दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण त्याला जोडून आलेलं 'सगळे' दुसऱ्या वाक्यात 'सगळ्यांनी' होतं. आतली विभक्ती तिथे उघडी पडते. तिसरं वाक्य नीट बघा. 'दोघांनी'तला 'नी' सांगतो की कर्ता तृतीयेत आहे. 'फसवलंत'मधला 'त' सांगतो की क्रियापदाने 'तुम्ही'ला ओळखलंय. कर्ता अभिहित आहे आणि तरीही तृतीयेत आहे. 'अनभिहिते' इथे अडतं.

शब्दवेध
'तुम्ही दोघांनी' हे वाक्य बिनतोड आहे. यावर विचार करावा लागेल. कारक आणि विभक्ती या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवण्याची गरज मात्र यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. किपार्स्की आणि स्टाल यांनी १९६९ मध्ये पाणिनीच्या मांडणीत अर्थापासून उच्चारापर्यंत थर असल्याचं दाखवलं, आणि कारकांचा थर अर्थ व विभक्ती यांच्या मधला. आपल्याला तोच मधला थर हवा आहे.

रानभूल
अवांतर: पाणिनीने संगणकाची भाषा शोधली होती असं ऐकलंय, ते कितपत खरं?

निरंक
रानभूल, संगणकाची भाषा नाही. खरी गोष्ट यापेक्षा चांगली आहे. आल्गॉल-६० या भाषेची वाक्यरचना सांगायला बॅकस आणि नाऊर यांची नियम लिहिण्याची पद्धत वापरली. १९६७ मध्ये इंगरमन यांनी एका संगणक-नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं की तिला पाणिनी-बॅकस फॉर्म म्हणावं, कारण नियम असे सूत्रबद्ध लिहिण्याची रीत पाणिनीने फार पूर्वी वापरली होती. अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रं आहेत. एकाचा निकाल दुसऱ्याला मिळतो, वरच्या सूत्रातला शब्द खाली वाहत येतो, दोन सूत्रांची टक्कर झाली तर कुठलं जिंकेल याचाही नियम आहे. काटेकोर नियमपद्धतीचा इतका जुना आणि इतका पूर्ण नमुना दुसरा नाही. संगणक त्यात आणायची गरजच काय?

टिंब
म्हणजे डीबगिंगही सूत्रातच :)

मोकळीक
मूळ प्रश्नाकडे. मला फ्रेज स्ट्रक्चरची बाजू घ्यायची आहे, कारण इथे तिला कोणी वालीच दिसत नाही.

'राम, लक्ष्मण आणि सीता यांनी वनवास पत्करला.'

'ने' ना रामाला, ना लक्ष्मणाला, ना सीतेला. तिघांची मोळी बांधली आणि 'यांनी' तिच्यावर एकदाच ठेवलं. विभक्ती शब्दाला लागलेली नाही, गटाला लागली आहे. डिपेन्डन्सीत शब्दच शब्दाला जोडायचा असतो. मग या गटाचा प्रमुख कोण? राम? आणि? यांनी? फ्रेज स्ट्रक्चरमध्ये हा प्रश्न पडतच नाही, गट हीच तिथली पहिली वस्तू.

निरंक
मोकळीक, मुद्दा मान्य. तेनिएरलाही हे ठाऊक होतं. त्याने समुच्चयासाठी अवलंबनापेक्षा वेगळंच नातं मानलं होतं. आजच्या पद्धतींत सरळ संकेत ठरवून घेतात. युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज या अनेक भाषांसाठीच्या सामायिक पद्धतीत गटातलं पहिलं पद प्रमुख धरतात. चेक भाषेच्या प्राग ट्रीबँकमध्ये उभयान्वयी अव्यय प्रमुख, हिंदी ट्रीबँकमध्येही तसंच. संकेत आहे, शोध नाही.

पण तुमच्या वाक्यात मराठीने एक सोय स्वतःच करून ठेवली आहे. 'यांनी' हे सर्वनाम गटाचं प्रतिनिधित्व करतं, त्यालाच प्रमुख धरा. 'राम, लक्ष्मण आणि सीता' त्याच्याखाली.

मोकळीक
'राम आणि श्यामने' असंही लोक बोलतात. तिथे 'यां' नाही.

निरंक
तिथे संकेतावर भागवावं लागेल.

दुपाखी
मला 'हुशार मुलगे आणि मुली' आठवलं. हुशार फक्त मुलगे की दोघं? फ्रेज स्ट्रक्चरमध्ये दोन वेगळे वृक्ष काढता येतात. मुली हुशार असतातच, त्यासाठी वृक्ष कशाला हा भाग सोडा. :)

इंग्रजीत हे उदाहरण नेहमी देतात. पण मराठीत विशेषण विकारी असेल तर संदिग्धता राहत नाही ना? 'मोठे मुलगे आणि मुली' म्हटलं की 'मोठे' फक्त मुलग्यांचंच.

सामान्यरूप
दुपाखी, इतकं सरळ नाही. नामाच्या आधी येणारं विशेषण आपल्याकडे जवळच्या नामाशी जुळवून घेतं. 'मोठे मुलगे आणि मुली पुढे या' असं म्हटल्यावर मोठ्या मुलीही उठतात. म्हणजे रूप 'मुलगे'कडून आलं, अर्थ मात्र दोघांवर पसरला. जुळणी आणि अर्थ यांची इथेही फारकतच. वर 'लिहिलीस'मध्ये आपण तेच पाहिलं.

वेलांटी
सर, हे टिपून ठेवलं. विशेषणासाठीही दोन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्या लागतील, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पुष्कराज
थोडं वेगळं विचारतो. एवढी मोठी संगणकी भाषा-प्रारूपं आज कुठलंच व्याकरण न शिकता शुद्ध मराठी लिहितात. मग वृक्ष, बाण, कारकं यांची गरज काय उरली? ट्रीबँकवर इतकी मेहनत का?

निरंक
पुष्कराज, त्यांना वृक्ष शिकवले नाहीत म्हणजे आत वृक्षासारखं काही तयार होत नाही असं नाही. ह्यूइट आणि मॅनिंग यांनी २०१९ मध्ये दाखवलं की अशा प्रारूपाच्या आतल्या संख्यांमधून शब्दांची डिपेन्डन्सी-वृक्षातली अंतरं बऱ्यापैकी वाचून काढता येतात. पण ते तपासायला आधी कोणीतरी हाताने काढलेले वृक्ष हवेतच.

दुसरं, शुद्ध लिहितात हे तपासणार कसं? इंग्रजीत कर्ता-क्रियापद जुळणीच्या चाचण्या २०१६ पासून चालू आहेत: मध्ये वेगळ्या वचनाची नामं घालायची आणि प्रारूप फसतं का बघायचं. मराठीत ही चाचणी कितीतरी कठीण करता येईल. 'तुम्ही दोघांनी काल मला जी चिठ्ठी…' इथे थांबायचं आणि पुढे 'पाठवलीत' येतं की 'पाठवलेत' ते बघायचं. ईकार चिठ्ठीचा, 'त' तुमचा. दोन्ही बरोबर आले पाहिजेत.

पुष्कराज
अच्छा. चाचणीचं वाक्य आवडलं. करून बघतो.

अर्धविराम
आता माझं खरं म्हणणं. फ्रेज स्ट्रक्चर की डिपेन्डन्सी, हा झगडा वाटतो तेवढा खोल नाही. छेद नसलेली डिपेन्डन्सी व्याकरणं आणि संदर्भमुक्त व्याकरणं एकाच ताकदीच्या भाषा निर्माण करतात, हे गाइफमनने १९६५ मध्येच सिद्ध केलंय. क्रमाच्या मोकळिकीवरही फ्रेज स्ट्रक्चरवाल्यांनी उपाय काढला. गॅझ्डर आणि मंडळींनी १९८५ मध्ये नियमाचे दोन भाग केले: कोणाच्या पोटात कोण, हे एकीकडे, कोणाच्या आधी कोण, हे दुसरीकडे. वेलांटी, तुमचे चोवीस क्रम तिथे एका नियमात बसतात.

खोल प्रश्न वेगळा आहे. कर्ता कर्माच्या वर असतो की दोघं सारख्याच पातळीवर? हे बघा:

रामाने आपल्या भावाला बोलावलं.
आपल्या भावाला रामाने बोलावलं.
आपल्या भावाने रामाला बोलावलं.

पहिल्या दोन्हींत 'आपल्या' म्हणजे रामाच्या. क्रम बदलूनही अर्थ तोच. तिसऱ्यात 'आपल्या' रामाकडे जात नाही. तो बोलणाऱ्यांचा भाऊ होतो. म्हणजे कर्ता आणि कर्म यांत उच्च-नीच आहे, आणि ती पदांच्या क्रमावर अवलंबून नाही. मग ती राहते कुठे? चॉम्स्कीच्या परंपरेतले म्हणतील, वृक्षातच; क्रम बदलणं म्हणजे पद हलणं. ब्रेस्नन आणि कॅप्लन (१९८२) म्हणतील, वृक्षात शोधू नका. पदांची मांडणी हा एक थर, व्याकरणिक नात्यांचा थर दुसरा, आणि ही उच्च-नीच दुसऱ्या थरात आहे.

मराठीसाठी मला दुसरं पटतं. आपली पदरचना सैल आणि नाती घट्ट आहेत.

शब्दवेध
अर्धविराम, इथे आपण दोघं एका जागी आलो. तो दुसरा थर म्हणजे कारकांचा शेजारीच.

अर्धविराम
शेजारी हो, तोच नव्हे. 'रमाला आपला भाऊ आवडतो' घ्या. क्रियापद भावाशी जुळलं. पाणिनी काय म्हणेल?

शब्दवेध
'रुच्यर्थानां प्रीयमाणः' (१.४.३३). आवडणं या अर्थाच्या धातूंच्या बाबतीत ज्याला आवडतं तो संप्रदान. म्हणजे रमा संप्रदान, भाऊ कर्ता. 'मला हे आवडतं' या आपल्या बांधणीला दिलेलं तयार उत्तर.

अर्धविराम
पण 'आपला' कोणाचा? रमाचा. वरच्या चाचणीत 'आपला' कर्त्याकडे जात होता. इथे तो संप्रदानाकडे गेला. रमा रूपाने संप्रदान आहे, वागते कर्त्यासारखी.

निरंक
म्हणूनच हिंदी ट्रीबँकमध्ये वेगळी खूण आहे. भारती, संगल, चैतन्य यांनी नव्वदच्या दशकात पाणिनीय चौकट संगणकासाठी उभी केली. त्या परंपरेत के-१ म्हणजे कर्ता, के-२ कर्म, के-४ संप्रदान, आणि 'मुझे' सारख्या अनुभव घेणाऱ्यासाठी के-४-ए. षष्ठीला आर-६, कारण संबंध हे कारक नाही. वेलांटी, मराठीला हे जवळजवळ जसंच्या तसं घेता येईल.

दुपाखी
अरविंद जोशींचं नाव अजून कोणी काढलं नाही, आश्चर्य आहे.

निरंक
काढायलाच हवं. पुण्यात जन्मले, पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आयुष्य घालवलं, २०१७ मध्ये गेले. १९७५ मध्ये लेव्ही आणि ताकाहाशी यांच्यासोबत त्यांनी ट्री ॲडजॉइनिंग ग्रामर मांडलं. तिथे नियम शब्दरांगेवर चालत नाहीत. छोटे वृक्ष हेच मूळ घटक. एका वृक्षाच्या मध्यावर दुसरा वृक्ष खोचता येतो, आणि खोचल्यावर मूळ वृक्षाची दोन टोकं दूर जातात, पण त्यांचं नातं तुटत नाही. स्विस जर्मनसारख्या रचना त्यामुळे पकडता येतात. व्याकरण संदर्भमुक्तपेक्षा किंचितच ताकदवान होतं. 'माइल्डली कॉन्टेक्स्ट-सेन्सिटिव्ह' ही वर्गवारी त्यांचीच, १९८५ची. किंमत म्हणजे पार्सिंगचा वेळ: संदर्भमुक्त व्याकरणाला शब्दसंख्येचा घन पुरतो, इथे नेहमीच्या पद्धतींना सहावा घात लागतो.

मला यातलं सर्वात मोठं वाटतं ते असं: मानवी भाषेला नेमकी किती ताकद लागते, हा प्रश्न त्यांनी मोजण्याच्या पातळीवर आणला. फार ताकदवान व्याकरण घेतलं तर काहीही बसवता येतं, आणि मग ते भाषेबद्दल काहीच सांगत नाही.

सामान्यरूप
निरंक, ही ओळ माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार.

वेलांटी
सगळ्यांचे मनापासून आभार. गटाशी बोलले. आमचा आराखडा असा: मुख्य मांडणी डिपेन्डन्सी, छेद चालतील. नात्यांच्या खुणा कारकांच्या, अनुभव घेणाऱ्याला वेगळी खूण. आणि एक जास्तीचा रकाना, ज्यात क्रियापदाचं लिंग-वचन कोणाकडून आलं आणि पुरुष कोणाकडून आला, हे स्वतंत्र लिहायचं. 'लिहिलीस'साठी पहिल्यात 'चिठ्ठी', दुसऱ्यात 'तू'. विशेषणांसाठी सरांच्या उदाहरणाप्रमाणे जुळणी कोणाशी आणि अर्थ कोणावर, हेही. 'यांनी' असेल तिथे तेच प्रमुख. 'राम आणि श्यामने' मध्ये शेवटचं पद प्रमुख, कारण प्रत्यय तिथे आहे.

या आराखड्याला मोडतील अशी वाक्यं द्या. नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

सामान्यरूप
घ्या. 'तू घरी जायचं होतंस.' कर्तृ-भावसंकर. कर्म नाहीच, त्यामुळे 'होतं' नपुंसकलिंगी एकवचनी. ते कोणाकडूनही आलेलं नाही. 'स' मात्र तुझा.

वेलांटी
लिंग-वचनाच्या रकान्यात 'कोणी नाही', पुरुषाच्या रकान्यात 'तू'. बसलं, सर.

मोकळीक
'रामाने सीतेला पाहिलं' यातही 'कोणी नाही'च ना?

वेलांटी
हो. कर्माला 'ला' लागलं की क्रियापद हात काढून घेतं. दोन्ही रकान्यांत 'कोणी नाही'.

अर्धविराम
मग हे बघा: 'तुम्ही दोघांनी यायला हवं होतंत.' 'त' तुम्हीचा, 'नी' दोघांचा. येण्याची क्रिया 'यायला'त, जुळणी 'होतंत'मध्ये, आणि मध्ये 'हवं'. 'तुम्ही'चा बाण कुठून काढणार? येणारे तुम्ही, म्हणून 'यायला'कडून? की 'त' जिथे आहे त्या 'होतंत'कडून? एकातून काढला तर दुसरं सुटतं, आणि एका शब्दाला दोन मालक द्यायचे तर तो वृक्ष राहत नाही.

वेलांटी
बाण 'यायला'कडून, कारण कारक त्या क्रियेचं. 'होतंत'च्या पुरुषाच्या रकान्यात 'तुम्ही'. म्हणजे जुळणीचा रकाना आपल्या थेट आश्रित नसलेल्या पदाकडेही बोट दाखवू शकतो, असा नियम लिहावा लागेल. 'दोघांनी' 'तुम्ही'च्या खाली. उद्या गटात हेच वाक्य पहिलं घेते.

शब्दवेध
आणि 'हवं'ला कुठली खूण?

वेलांटी
अजून ठरलेलं नाही. सुचवा.